वळूवाल्याची उन्हाळी

वळूवाला गोठ्यामागच्या भिंतीला एक हात टेकून उभा होता आणि लघवी होत नव्हती. म्हणजे होत होती, पण थेंबाथेंबानं, आणि प्रत्येक थेंबाला त्याच्या पायांची बोटं मातीत रुतत होती. पलीकडे वळू गव्हाणीशी उभा राहून निवांत धार सोडत होता. वळूवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा जनावराचा हेवा वाटला.

चार दिवस झाले होते. पहिल्या दिवशी नुसती चुणचुण होती. दुसऱ्या दिवशी विजारीला पिवळट डाग दिसला, तो त्यानं गुपचूप हौदावर धुऊन टाकला. घरातला पुरुष आपली विजार आपण धुतो ही गोष्ट बायकोच्या नजरेतून सुटणारी नव्हती. तिनं विचारलं, तेव्हा शेणात बसलो म्हणाला. गोठ्यातल्या माणसाचं एवढं एक बरं असतं, कशाचंही खापर शेणावर फोडता येतं.

त्या वर्षी गवत उगवलंच नव्हतं. वळू पोसणं म्हणजे रोज भारा-दीड भारा वैरण, आणि गावात तर शेळीच्या तोंडाला लागेल एवढंही हिरवं उरलं नाही. म्हणून वळूवाला गवत कापणाऱ्या टोळीबरोबर लांब कालव्याकाठी गेला. दोन महिने कमरेत वाकून विळा चालवला आणि बदल्यात ट्रॅक्टरभर वाळलं गवत घेऊन आला. तोवर बायकोनं एकटीनं वळू सांभाळला, पाणी शेंदलं, शेण काढलं, आणि पाच वर्षांच्या लेकीला, ठकीला, सांभाळलं ते वेगळंच. तिकडे शेवटच्या आठवड्यात टोळीतला गावचाच ट्रॅक्टरवाला त्याला बाजारामागच्या एका घरी घेऊन गेला होता. तिथं काय झालं ते वळूवाल्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. परत आल्यावर बायकोला किती आनंद झाला होता. दोन महिन्यांचं बोलणं तिनं दोन दिवसांत बोलून घेतलं, आणि जवळ आली तेव्हा हळूच म्हणाली की ठकी आता मोठी झाली, आता आणखी एक हवं. त्यानंही हो म्हटलं. त्याला तेव्हा काहीच होत नव्हतं.

आता तो पाय फाकवून चालायला लागला, तशी बायकोनं आपणच निदान करून टाकलं. उन्हातान्हात राबून उन्हाळी लागली. ती रात्री धणे भिजत घालायची आणि सकाळी तो उठायच्या आत गाळून पेला हातात द्यायची. तो मान खाली घालून पीत राहायचा. त्या पाण्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर गिळायला सोप्या गेल्या असत्या.

नेमक्या त्याच दिवसांत गायी माजावर यायला लागल्या. त्या सकाळी खालच्या आळीची दूधवाली आपली तांबडी गाय ओढत घेऊन आली. वळूवाल्यानं गाय खोड्यात उभी केली, पण वळू सोडला नाही. त्याची पद्धत गावाला माहीत होती. आधी विचारपूस, मग वळू. गाय कधीपासून हंबरतेय, मागच्या वेळी कधी आली होती, गाभ न राहता कितीदा उलटली, आणखी कुठं नेली होती का. वकील विचारणार नाही असलं तो विचारायचा.

दूधवाली म्हणाली, कुठं नाही. हे म्हणताना ती गायीच्या शिंगाकडे बघत होती.

"ताई," वळूवाला म्हणाला, "गायीला विचारता आलं असतं तर तुला त्रास दिला नसता."

मग तिनं कबूल केलं. तो नव्हता, तेव्हा तिनं गाय पलीकडच्या गावच्या वळूकडे नेली होती. त्यानं शेपूट उचलून बघितलं. माजाचं पाणी काचेसारखं स्वच्छ यायला हवं, ते गढूळ होतं. त्यानं दावं सोडून तिच्या हातात दिलं आणि डॉक्टरला दाखव म्हणाला. दूधवाली भडकली. बाईमाणसाला असले प्रश्न विचारताना काही लाज वाटते का, म्हणाली.

"गोठ्यात लाज बांधायला खुंटी नाही," वळूवाला म्हणाला.

वैरण तोडत बसलेली बायको खुदकन हसली. तिला नवऱ्याची ही पद्धत आवडायची. ती पद्धत आली होती गेल्या वर्षीच्या फजितीतून. वळू दिसायला धडधाकट, पण गायी मात्र एकामागून एक उलटायला लागल्या, दोन गाभडल्या. शेवटी कळलं की रोग वळूत आहे. चाळीस दिवस वळू बांधून ठेवला, सुया दिल्या, धुतला. पण एका मालकानं आपली गाय लपवली, तिला औषध दिलं नाही आणि पुन्हा आणली. वळूला पुन्हा लागण झाली आणि पुन्हा चाळीस दिवस गेले. तेव्हापासून वळूवाला कुणाची भीड ठेवत नसे. आज मात्र बायकोचं हसू ऐकून त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुपारी ती पाण्याला गेली तेव्हा त्यानं गोठ्याच्या फळीवरून पोटॅशची बाटली काढली. वळू धुवायला आणली होती, तळाशी बोटभर उरलेली. बादलीत जांभळं पाणी केलं. वळूला करायचा तेवढंच दाट केलं, कारण त्याला दुसरं प्रमाण माहीतच नव्हतं. कोपऱ्यात उकिडवं बसून त्यानं स्वतःला धुतलं. पहिल्यांदा गार वाटलं. मग जी आग झाली, ती दावणीच्या खांबाला मिठी मारून काढावी लागली. संध्याकाळी कातडी जांभळी पडून सोलायला लागली होती. आता चालणं म्हणजे पावलापावलाला नशिबाला दोष देणं झालं.

दोन दिवसांनी जनावरांच्या दवाखान्याचा ड्रेसर आला. महिन्यातून एकदा तो वळू बघून जायचा. वयस्कर माणूस, बोलायला सावकाश, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. बायको ठकीला घेऊन दुकानात गेली होती, म्हणून वळूवाल्याला धीर आला. वळूला खालून पू येतोय, गेल्या वर्षीची ती सुई द्या, म्हणाला. ड्रेसर वळूच्या पोटाखाली वाकला, नीट बघितलं आणि उठला.

"याला काही झालेलं नाही."

"असेल. पण सुई ठेवून जा. लागली तर मी देईन."

ड्रेसरनं त्याच्याकडे बघितलं. मग इकडचं तिकडचं बोलावं तसं विचारलं की आल्यापासून किती गायी दाखवल्या. वळूवाल्याच्या डोक्यात गायी नव्हत्या, बायको होती. तो म्हणाला, एकच.

"एक? या दिवसांत?" ड्रेसर म्हणाला. "बरं. बस जरा, चहा घेऊ."

वळूवाला बसला नाही. बसताच येत नव्हतं. तो उभ्यानंच दोराशी चाळा करत राहिला. ड्रेसरनं पेटी बंद केली.

"तीस वर्षं झाली मला," तो म्हणाला. "जनावर दुखणं लपवत नाही. मालक लपवतो. ही सुई पाचशे किलोच्या जनावराची आहे, ती अंदाजानं टोचून मला तुझ्या घरच्यांची हाय घ्यायची नाही. सरकारी दवाखान्यात जा. रोज दहा जण असलं घेऊन येतात तिथं, तू काही जगावेगळं केलेलं नाहीस."

वळूवाल्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. कुणीतरी ओळखलं याचंच त्याला बरं वाटलं होतं. जाता जाता ड्रेसर दारात थांबला आणि त्यानं विचारलं की गेल्या वर्षी वळू दिसायला कसा होता.

"धडधाकट."

"मग घरात सगळं ठीक दिसतंय म्हणून गप्प बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीनं गेला. पाठीचं दाखवून येतो, असं घरी सांगितलं. केसपेपरच्या खिडकीत एक बाई मान वर न करता मोठ्यानं विचारत होती, काय होतंय. आणि वळूवाल्याच्या मागे त्याच्याच गावचा न्हावी दाढ धरून उभा होता. न्हाव्याला कळलं म्हणजे गावात दवंडी पिटायची गरज नव्हती. वळूवाल्यानं इथंही पाठच सांगितली. आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाठीवर चार ठिकाणी दाबलं, प्रत्येक ठिकाणी तो दुखतंय म्हणाला, आणि चोळायचं मलम घेऊन बाहेर आला.

बाहेर बाकावर टेकून तो त्या मलमाकडे बघत राहिला. असलं मलम घरी न्यायचं, बायको ते त्याच्या पाठीला चोळून देणार, सकाळी पुन्हा धण्याचं पाणी देणार. त्याला स्वतःची किळस आली. न्हावी दाढ काढून, तोंडात कापूस धरून निघून गेला, तेव्हा तो उठला आणि पुन्हा आत शिरला.

"बाई, पाठ नाही," तो म्हणाला.

"वाटलंच मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दार लावा."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कधीपासून, रंग कसला, ताप येतो का, अंडकोश दुखतो का, कुणाकुणाशी संबंध आला, शेवटचा कधी. आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. वळूवाला गायवाल्यांना विचारतो तसंच सगळं, आणि आता शिंगाकडे बघायला समोर गायसुद्धा नव्हती. त्यानं एकेक करून सांगितलं. सांगताना अंगाला घाम फुटला, पण सांगून झाल्यावर छातीवरची गोणी उतरल्यासारखं वाटलं. तपासताना बाईंना ती जांभळी कातडी दिसली.

"हे काय लावलंत?"

"पोटॅश. वळूचं."

"वळूचं वजन किती?"

"पाचशे किलो."

"आणि तुमचं?"

"बासष्ट."

बाई हसल्या नाहीत, पण कागदावर लिहायला जरा वेळ लावला. लघवी तपासली, रक्त घेतलं. रक्तात मोठा आजार तर नाही ना, हे अर्ध्या तासात कळणार होतं. त्या अर्ध्या तासात वळूवाल्यानं मनातल्या मनात वळू मेव्हण्याला देऊन टाकला, ठकीला शाळेत घातलं, बायकोला माहेरी पोचवलं आणि स्वतःला सरणावरसुद्धा ठेवलं. मग हाक आली. मोठा आजार दिसत नव्हता, पण रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आत्ता झालंय ते परमा, संबंधातून लागणारं, एका सुईनं आणि सात दिवसांच्या गोळ्यांनी बरं होणारं. तोवर आणि पुढे आठवडाभर बायकोजवळ जायचं नाही.

"तिला उद्या घेऊन या," बाई म्हणाल्या.

"तिला काही होत नाही."

"होत नसेल. बाईमाणसात आत राहतं, वरून कळत नाही. तसंच राहिलं तर पुढे मूल राहायला अडचण येते. लवकर कळलं तर काहीच नाही."

वळूवाल्याला ड्रेसरचं बोलणं आठवलं. तो खुर्चीच्या कडेला सरकला. म्हणाला, मग तिच्या गोळ्याही माझ्याकडेच द्या, मी घालतो तिला.

"घालतो म्हणजे?"

"पेंडीत..." तो थांबला. वळूला तो कडू औषध पेंडीत कालवूनच घालायचा. "जेवणात. तिला कळणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमची बायको आहे ती. तिला विचारून तपासायचं, सांगून औषध द्यायचं. तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो," वळूवाला म्हणाला. हे शब्द आपल्या तोंडून निघाले यावर त्याचाच विश्वास बसेना.

घरी आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बायको वैरण कापायच्या यंत्राशी बसली होती, त्याचीच वाट बघत. त्या यंत्राला दोन माणसं लागतात. एकानं दांडा धरून चाक फिरवायचं, दुसऱ्यानं मुठीमुठीनं गवत आत सारायचं. चाकाला दोन पाती, आणि सारणाऱ्याची बोटं पात्यापासून वीतभर लांब. तो फिरवायला लागला. ती पाठीचं विचारत होती, डॉक्टर काय म्हणाले, जड उचलू नका म्हणाले असतील. तो हं हं करत होता. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा तिच्या बोटांकडे बघून मिटलं. तिसऱ्यांदा त्यानं चाक थांबवलं आणि आऱ्यांत लाकडी खुंटी अडकवली.

"अडकलं का?" बायकोनं विचारलं.

"नाही. हात बाहेर काढ."

तिनं काढले.

"मला उन्हाळी नाही लागलेली," तो म्हणाला. "पाठही दुखत नाही. मी तिकडे बाईकडे गेलो होतो. तिथून रोग आणलाय. तो तुलाही लागला असेल. उद्या तुला दवाखान्यात यावं लागेल."

 ती हाताला चिकटलेली गवताची कुसळं एकेक करून काढत राहिली. ठकी अंगणात मातीची भांडी मांडून एकटीच बडबडत होती.

"कोण होती?"

"बाजारामागं घर आहे. नाव माहीत नाही."

"किती वेळा?"

"एकदा." बोलला आणि लक्षात आलं की आपण वळूकडे बघतोय. "दोनदा."

"आणि मी तुम्हाला रोज धण्याचं पाणी देत होते," बायको म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही पीत होतात."

 तिनं हात पुढे करून चाकातली खुंटी काढली.

"फिरवा. जनावर उपाशी आहे."

त्यांनी उरलेला भारा कापून संपवला. ती रडत होती आणि गवत सारत होती. तो तिच्या तोंडाकडे बघायला धजला नाही. नजर बोटांवर ठेवून तो इतक्या हळू चाक फिरवत होता की एरवी तिनं खिजवलं असतं. त्या रात्री तिचं अंथरूण ठकीच्या खोलीत गेलं. सकाळी पेला आला नाही. आता बायको पेटी घेऊन बाहेर येणार आणि माहेरची गाडी धरणार, असं धरून तो अंगणात बसून राहिला. ती बाहेर आली, ठकीला शेजारी सोडलं आणि त्याच्याकडे न बघता दवाखाना किती वाजता उघडतो ते विचारलं.

गाडीत ती दुसऱ्या बाकावर बसली. दवाखान्यात एकटी आत गेली आणि बराच वेळ आतच होती. वळूवाला बाहेर उभा राहून भिंतीवरची लशींची पाटी वाचत होता, सहा वेळा वाचून झाली. ती आली तेव्हा हातात गोळ्या होत्या. चार दिवस तिच्या ओटीपोटात दुखत होतं, म्हणाली. भारे उचलून दुखतंय असं तिला वाटलं होतं. डॉक्टरीण म्हणाल्या वेळेवर आलात, आत काही बिघडलेलं नाही. हे सगळं तिनं त्याला नव्हे, समोरच्या खांबाला सांगितलं. त्यानं ते घेतलं. खांबाला सांगितलेलं का होईना, सांगितलं तर होतं.

सात दिवस दोघांनी एकाच वेळी गोळ्या घेतल्या. पाण्याचा तांब्या मध्ये, बोलणं ठकीच्या मार्फत. ठकी, बाबांना म्हणावं जेवायला चला. ठकी, आईला म्हणावं भूक नाही. ठकीला हा खेळ फार आवडला. त्याची आग तीन दिवसांत गेली आणि पाचव्या दिवशी तो भिंतीशी उभा राहिला, तर धार सरळ गेली. त्याला कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटलं.

आठव्या दिवशी बायको पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलली.

"ट्रॅक्टरवाल्याला सांगितलंत का?"

"त्याला कशाला?"

"त्याच्या बायकोला सहावा महिना आहे."

तो गेला. ट्रॅक्टरवाल्यानं आधी उडवून लावलं, मग कॉलर धरली, मग गावात तोंड उघडलंस तर बघ म्हणाला. वळूवाल्यानं त्याला दवाखान्याच्या खोलीचा नंबर सांगितला आणि फाटक्या कॉलरनं घरी आला. बायकोनं काही न विचारता सदरा काढून घेतला आणि कॉलर शिवून दिली. दोन दिवसांनी दवाखान्यासमोर ट्रॅक्टर उभा दिसला, अशी बातमी न्हाव्यानं आणली. नांगर दुरुस्तीला नेला असेल, वळूवाला म्हणाला.

मग पाऊस आला. गवताचे कोंब दिसायला लागले. तीन महिने पुरे झाले तसं दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. या वेळी गाडीत गर्दी होती, म्हणून असेल, ती त्याच्याच बाकावर बसली. दोघांचं रक्त घेतलं. अर्धा तास तो पुन्हा सरणावर जाऊन आला. आत बोलावलं तेव्हा बाईंनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. दोघांचंही स्वच्छ. वळूवाल्यानं हात जोडले आणि उठून दार उघडायला गेला. बायको उठली नव्हती.

"बाई," तिनं विचारलं, "मग आता मूल राहायला काही हरकत नाही ना?"

वळूवाल्याचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. आपण बरे होऊ हे त्याला कळलं होतं, ती बरी होईल हेही कळलं होतं. ती हे विचारेल, असं त्यानं तीन महिन्यांत एकदाही मनात आणलं नव्हतं.

"काहीच हरकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावर चिखल झाला होता. ती साडी उचलून पुढे चालत होती. तो तिच्याशी पाऊल जुळवायला गेला, तशी ती थांबली.

"राग गेलेला नाही माझा."

"माहीत आहे."

"मूल हवंय मला. तुमचंच हवंय. आणि राग पण आहे. राग संपला असता तर केव्हाच माहेरी गेले असते."

 तिनं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची आणि कागदांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि त्याचा दंड धरून चिखलातून वाट काढायला लागली.